पहिली तारीख

मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यांत एक सण असा आहे कीं, तो वर्षांतून बारा वेळां येतो, आणि तरीहि कोणत्याच पंचांगांत त्याचा उल्लेख सांपडत नाहीं. माझ्या लहानपणीं पहिल्या तारखेला वडील कचेरींतून परतले, कीं हातपाय धुऊन आधीं पगाराचें पाकीट देवापुढें ठेवीत. मग आई तें उचली, आणि दिवेलागणीच्या आंत त्याच्या लहान लहान वांटण्या होऊन त्या वाण्याच्या, दूधवाल्याच्या, घरभाड्याच्या आणि शाळेच्या फीच्या नांवानें वेगवेगळ्या डब्यांत जाऊन बसत. पाकिटाबरोबर कागदाची एक चिंचोळी पट्टी येई. मूळ पगार इतका, महागाईभत्ता इतका, फंडाची कपात इतकी, आणि तळाशीं हातीं पडणारी रक्कम. पैशांत आम्हां मुलांना वांटा नसे. पण ती पट्टी मात्र माझी असे, आणि तिच्यावरची बेरीज मी पुन्हां करून पाहात असें. एकदांहि ती चुकलेली आढळली नाहीं. इतकी बिनचूक बेरीज कोणीतरी माणूस रात्रीं बसून जुळवीत असेल, ही कल्पना त्या वयांत माझ्या मनाला शिवली नाहीं. पाऊस पडतो तशी ती पट्टी येते, असें मी समजत होतों.

पुढें ती पट्टी करणें हेंच माझ्या पोटापाण्याचें साधन झालें.

एका मोठ्या संस्थेच्या संगणकविभागांत मीं एकतीस वर्षें काढलीं. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ज्यांनीं तेथें नोकरी केली आहे ते ओळखतील, आणि ज्यांनीं केली नाहीं त्यांना आपापल्या कचेरीचें नांव त्या जागीं घालून पुढें वाचतां येईल. सुमारें सहा हजार माणसांचा पगार आमच्या हातून निघे. त्यासाठीं लागणारें सॉफ्टवेअर आम्हीं दोघां-तिघांनींच १९८७ च्या सुमारास कोबॉल भाषेंत लिहिलें होतें. काळ्या पडद्यावर हिरवीं अक्षरें, आणि कोणतीहि चूक झाली कीं कर्कश आवाज, असें त्याचें रूप होतें. पाहुण्यांपुढें करण्यासारखें तें खास नव्हतें.

या बांधकामांत मी केवळ गवंडी होतों. सारी वास्तु ज्यांच्या डोक्यांत होती त्या वेतनविभागांत बसत. लहानथोर सारे त्यांना नुसतें 'बाई' म्हणत, आणि मीहि येथें तेवढेंच म्हणेन. संगणक म्हणजे बाईंना एक हट्टी टंकलेखनयंत्र वाटे; परंतु संस्थेच्या स्थापनेपासून पगाराविषयीं निघालेलें प्रत्येक परिपत्रक त्यांना तारखेसह पाठ होतें. लाल कापडी पाठीच्या तीन लांब वह्या त्यांच्या खणांत असत. त्यांत नियम, नियमाचे अपवाद, आणि अपवाद कोणाला कां दिला त्याची हकीकत, असें सर्व त्यांनीं वळणदार अक्षरांत उतरवून ठेवलें होतें.

बाहेरच्या माणसाला वाटतें, पगार म्हणजे मूळ वेतन, अधिक भत्ते, उणें कपात. तसा पगार क्वचित् असतो. एखादा चौकीदार महिन्याचे पहिले अकरा दिवस अर्धपगारी रजेवर असतो, पुढचे चार दिवस बिनपगारी, मध्येंच त्याची वार्षिक वेतनवाढ पडते, आणि कामावर परत येतो तो रात्रपाळीला. निलंबित माणसाला पगार नसतो, पण निर्वाहभत्ता असतो. महागाईभत्त्याची तर गंमतच आहे. तो जाहीर होतो मार्चांत आणि लागू होतो जानेवारीपासून. पुन्हां दिवाळीच्या आसपास जाहीर होतो आणि लागू होतो जुलैपासून. म्हणजे वर्षांतून दोनदां सहा हजार माणसांचा मागचा पगार उकलून पुन्हां विणावयाचा, आणि मधल्या काळांत कोणी निवृत्त झाला असेल, कोणी वारला असेल, तर त्याचाहि धागा सोडावयाचा नाहीं. शिवाय कोणाच्या पगारांतून न्यायालयाच्या हुकुमानें बायकोची पोटगी कापावयाची असते. ही पोटगीची कपात बाई सर्वांत आधीं तपासत. "बाकीचे चुकले तर भांडायला येतील," त्या म्हणत, "ती बिचारी कोणाकडे येणार?"

२०११ सालीं आमच्याकडे एक नवे साहेब आले. त्यांच्याविषयीं एक गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे: ते लांच खाणारे नव्हते. खात असते तर प्रकरण सोपें झालें असतें, आणि हें सारें लिहिण्याची मला जरूरहि पडली नसती. ते हुशार होते, कष्टाळू होते, आणि संस्था आधुनिक व्हावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती. दोष एवढाच, कीं जें काम आपणांस कळत नाहीं तें सोपें असलें पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. जगांतल्या पुष्कळ साहेबांची ती असते.

एके दिवशीं शहरांतल्या बड्या हॉटेलांत एका कंपनीनें आपल्या पगारप्रणालीचें प्रात्यक्षिक ठेवलें. मलाहि मागच्या रांगेंत जागा होती. पडद्यावर एक काल्पनिक नोकर आला, त्याच्या नांवावर टिचकी मारली, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच त्याचा पगार रंगीत आलेखासह समोर उभा राहिला. टाळ्या झाल्या. मी त्या नोकराकडे निरखून पाहात होतों. त्या भाग्यवंतानें जन्मांत एकहि रजा घेतलेली नव्हती. त्याचें निलंबन नव्हतें, पोटगी नव्हती, मागल्या तारखेनें लागू झालेला भत्ता नव्हता. असा नोकर मला मिळता, तर त्याचा पगार मीहि टाळ्या घेऊन काढला असता. जेवणापूर्वीं प्रश्न विचारण्यास दहा मिनिटें होतीं. मीं थकबाकीविषयीं विचारलें. कंपनीचा गृहस्थ हंसून म्हणाला, "तें सगळें होतें, साहेब." साहेबांनीं माझ्याकडे वळून पाहिलें, त्या पाहण्याचा अर्थ मला चांगला कळला.

खरेदीसाठीं सात जणांची समिति नेमली गेली. तींत वेतनविभागाचें कोणीहि नव्हतें. करारपत्र माझ्या हातीं आलें तें सह्या झाल्यानंतर, आणि तेंहि कपाटांत ठेवण्यासाठीं. मीं तें रात्रीं घरीं नेऊन वाचलें. प्रणालीच्या पोटांतील मूळ लेखन कंपनीच्या मालकीचें राहणार होतें. म्हणजे चूक आम्हांला दिसली तरी तिला हात लावण्याची मुभा नव्हती. एकदां ठरल्यानंतर केलेला प्रत्येक बदल निराळ्या पैशाचा होता, आणि ते पैसे कंपनीच्या माणसांच्या दिवसांवर मोजावयाचे होते. देयकाचा मोठा हप्ता प्रणाली 'सुरू झाली' म्हणजे द्यावयाचा होता. ती बरोबर चालली म्हणजे, असें शब्द कोठेंच नव्हते. आणि थकबाकीचा भाग? देकार अंदाजपत्रकाबाहेर जाऊं लागला, तेव्हां समितीनें तो 'दुसऱ्या टप्प्यांत' ढकलला होता. दुसऱ्या टप्प्याची तारीख करारांत नव्हती.

ही गोष्ट आमच्या एका कचेरीपुरतीच असती, तर घरांतल्या माणसांना सांगून मी गप्प बसलों असतों. परंतु निवृत्तीनंतर सवड मिळाली तशीं मीं या विषयावरचीं कागदपत्रें वाचावयास घेतलीं, आणि कॅनडाच्या महालेखापरीक्षकांचे २०१७ आणि २०१८ सालचे अहवाल हातीं पडले. परक्या माणसाच्या रोजनिशींत आपलेंच हस्ताक्षर दिसावें, तसें मला झालें.

कॅनडा सरकारच्या सुमारें २,९०,००० नोकरांचा पगार चाळीस वर्षें जुन्या यंत्रणेवर निघत असे. ती बदलण्याचें २००९ सालीं ठरलें, आणि जून २०११ मध्यें नवी प्रणाली बसविण्याचें काम आय.बी.एम. कंपनीकडे गेलें. प्रणालीचें नांव फिनिक्स. राखेंतून उठणाऱ्या पक्ष्याचें हें नांव ज्याला सुचलें, त्यानें उठण्यापूर्वीं राख व्हावें लागतें ही अट विचारांत घेतलेली दिसत नाहीं. वर्षाला ७ कोटी डॉलर वांचतील असा हिशेब मांडला होता, आणि ही बचत मुख्यतः माणसें कमी करून व्हावयाची होती. शेहेचाळीस खात्यांत मिळून सुमारें १,२०० वेतन-सल्लागार होते. त्यांच्या जागा मोडून न्यू ब्रन्सविक प्रांतांतल्या मिरामिची नांवाच्या लहान गांवीं एक केंद्र काढावयाचें, आणि तेथें ४६० सल्लागार व ९० मदतनीस एवढ्यांवर काम भागवावयाचें, असा बेत होता. मिरामिचीच कां? तर बंदुकांच्या सरकारी नोंदणीचें काम तेथें चाले, तें बंद व्हावयाचें होतें, आणि गांवच्या लोकांना दुसरा रोजगार द्यावयाचा होता. हेतु वाईट नव्हता. परंतु ऐंशी हजारांहून अधिक नियम ज्यांनीं वर्षानुवर्षें हाताळले, त्यांतल्या बहुतेकांना घरदार सोडून इतक्या दूर जाणें जमलें नाहीं. नवे लोक आले ते नियम शिकत शिकतच आले.

यापुढील भाग वाचतांना तर मीं पुस्तक मिटून थोडा वेळ गच्चीवर फेऱ्या घातल्या. २०१२ सालीं कंपनीनें कळविलें, कीं प्रणाली बांधून सुरू करण्यास २७ कोटी ४० लाख डॉलर लागतील. बांधणीसाठीं मंजूर होते साडेपंधरा कोटी. तेव्हां जास्त पैसे मागण्याच्या ऐवजीं वरिष्ठांनीं कामेंच छाटलीं. पगाराच्या ९८४ कामांपैकीं शंभराहून अधिक कामें वगळलीं किंवा पुढें ढकललीं. आणि छाटलेल्या कामांत एक होतें मागल्या तारखेनें देय झालेल्या पगाराचें! पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांचें नांवहि ठाऊक नसलेल्या दोन समित्यांनीं कात्री नेमकी त्याच कापडावर चालवावी, हा योगायोग म्हणवत नाहीं. थकबाकी ही वस्तु प्रात्यक्षिकांत दिसत नाहीं. ती फक्त खिडकीपाशीं बसणाऱ्या माणसाला दिसते.

एका खात्यांत आधीं प्रणाली चालवून पाहण्याचा बेत होता. तोहि २०१५ च्या जूनमध्यें रद्द झाला. फेब्रुवारी २०१६ मध्यें ३४ खात्यांत, आणि एप्रिलमध्यें उरलेल्या ६७ खात्यांत फिनिक्स सुरू झालें. जून २०१७ अखेर दीड लाखाहून जास्त नोकरांच्या पगारांतल्या चुका निस्तरावयाच्या राहिल्या होत्या, आणि चुकांची रक्कम ५२ कोटी डॉलरांच्या वर गेली होती. कोणाला महिनोन्‌महिने पगार नाहीं, कोणाला नको इतका पगार आणि मागाहून वसुलीचें पत्र. २०१८ च्या अर्थसंकल्पांत सरकारनें ही प्रणाली पुढें सोडून देण्याचा इरादा जाहीर केला. अहवालांत आंकडे पुष्कळ आहेत. त्या बाराशें सल्लागारांपैकीं एकाचेंहि नांव त्यांत नाहीं, आणि असण्याचें कारणहि नाहीं. पण मला मात्र तो भाग वाचतांना सारखा बाईंचा चेहरा दिसत होता.

आतां माझ्या सहीची गोष्ट सांगितली पाहिजे. इतका वेळ मी ती टाळीत आहें, हें माझें मलाच जाणवतें आहे.

नवी प्रणाली सुरू करण्यापूर्वीं तीन महिने जुन्या आणि नव्या दोहोंवर पगार काढून ताडून पाहावा, असें मीं सुचविलें होतें. तीनाचा एक महिना झाला. २०१२ च्या मार्चमध्यें तो एक पगार काढला, तेव्हां सहा हजारांपैकीं चारशेंहून अधिक माणसांच्या पगारांत फरक निघाला. मीं अहवालांत लिहिलें, 'प्रणाली समाधानकारक नाहीं. आणखी दोन महिने चांचणी व्हावी.' २८ मार्चला दुपारीं साहेबांनीं मला बोलावलें. ते रागावले नाहींत. त्यांनीं चहा मागविला. ते म्हणाले, एकतीस तारखेच्या आंत देयक गेलें नाहीं तर मंजूर पैसा परत जाईल, आणि मग ही प्रणालीहि नाहीं आणि दुसरीहि नाहीं. चुका काय, त्या दुरुस्त होतातच. "तुमच्यासारखीं माणसें असतांना मला काळजी नाहीं," असेंहि ते म्हणाले. स्तुतीनें माणूस किती लौकर मऊ होतो! मीं तें पान परत घेतलें आणि 'समाधानकारक नाहीं' या जागीं 'बहुतांशीं समाधानकारक' असे शब्द घातले. खोटें त्यांत कांहीं नव्हतें. सहा हजारांतले चारशें वजा केले तर बहुतांश उरतोच.

बाईंना मीं हें सांगितलें नाहीं.

मेच्या पहिल्या तारखेला आमच्या खिडकीपुढें जी रांग लागली, ती मी विसरूं शकत नाहीं. एका शिपायाच्या पट्टीवर तळाशीं शून्य होतें. एका कारकुनाला दोन पगार आले होते, आणि तो बिचारा ते परत कसे करावे हें विचारण्यासाठीं रांगेंत उभा होता. दुपारीं चारच्या सुमारास, गर्दी ओसरल्यावर, एक बाई कडेवर मूल घेऊन आली. तिला आमच्याकडून पगार मिळत नव्हता. तिच्या नवऱ्याला मिळत होता. नव्या प्रणालींत 'इतर कपाती'साठीं पांचच रकाने होते, आणि नवऱ्याच्या पतपेढीच्या, विम्याच्या, सोसायटीच्या हप्त्यांनीं ते भरून गेल्यामुळें सहावी कपात, म्हणजे न्यायालयानें ठरविलेली पोटगी, मुकाट्यानें गळून पडली होती. नवऱ्यानें अर्थातच तक्रार केली नव्हती. बाईंनीं तिला आंत बसविलें, पाणी दिलें, आणि वहींत तिचें नांव लिहून घेतलें.

कंपनीला आम्हीं कळविलें. उत्तरीं एक तक्रार-क्रमांक आला. सहावा रकाना हा करारांतला 'बदल' ठरला, आणि त्याची किंमत मागण्यांत आली. ती मंजूर होण्यास सात महिने लागले.

ते सात महिने, आणि त्यानंतरचेहि कांहीं, आम्हीं काय केलें? जुन्या सॉफ्टवेअरचें यंत्र मोडींत काढण्याचा हुकूम होता. मीं तें टेबलाखालीं सरकवून ठेवलें. महिन्याच्या चोवीस तारखेला नवी प्रणाली पगार काढी; त्याच रात्रीं मी जुन्या यंत्रावर गुपचूप तोच पगार काढीत असें; आणि पुढचे चार दिवस बाई, मी आणि दोन तरुण मुलें दोन्ही याद्या शेजारीं ठेवून फरक शोधीत असूं. बाई वही उघडून निवाडा देत. मग दुरुस्त आंकडे नव्या प्रणालींत एकेक करून हातानें भरावयाचे. एकोणतीस तारखेच्या रात्रीं शेवटची बस चुकणें हें ठरलेलेंच. बाई एकट्या राहात. घरीं वृद्ध आई. शेजारीण तिला जेवूं घालीत असे.

आणि याचा परिणाम? तिसऱ्या महिन्यापासून खिडकीपुढची रांग आटली. समितीला जाणाऱ्या मासिक टिपणांत 'प्रणाली स्थिर' असे शब्द येऊं लागले. साहेबांनीं एका परिषदेंत आमच्या प्रणालीवर व्याख्यान दिलें. येथें मला जें सांगावयाचें आहे तें हेंच: वाईट व्यवहार टिकतो तो वाईट माणसांच्या बळावर टिकत नाहीं; चांगल्या कामगारांच्या बळावर टिकतो. फाटक्या कापडाला ठिगळ जितकें सफाईनें लावावें, तितकें तें कापड विकणाऱ्याचें नांव राहतें. आम्ही कमी कुशल असतों, तर ती प्रणाली दोन महिन्यांत उघडी पडली असती. पण मग त्या दोन महिन्यांत शून्य पगाराची पट्टी घेऊन तो शिपाई कोठें गेला असता? आम्हांला ठिगळ लावणेंहि भाग होतें, आणि लावलेलें ठिगळच आमच्याविरुद्ध साक्ष देत होतें. हा पेंच मला त्या वेळीं सुटला नाहीं. आजहि सुटलेला नाहीं.

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड राज्यानें आपल्या आरोग्यखात्यासाठीं मार्च २०१० मध्यें अशीच एक पगारप्रणाली सुरू केली. कंपनी तीच, आय.बी.एम. तेथें पुढें चौकशी-आयोग बसला आणि २०१३ मध्यें त्याचा अहवाल आला. एकंदर खर्चाचा अंदाज १२० कोटी डॉलरांच्या घरांत गेला होता. परंतु मला त्यांतली दुसरीच एक गोष्ट लागली: ऐंशी हजारांहून कमी नोकरांचा पंधरवड्याचा पगार काढण्यासाठीं त्या स्वयंचलित प्रणालीमागें हजाराहून अधिक माणसें बसवावीं लागलीं होतीं. हजार बाई! त्यांच्याहि खणांत लाल पाठीच्या वह्या असतील काय, असें माझ्या मनांत आलें.

कंपनीच्या माणसांविषयीं दोन शब्द न लिहिणें अन्यायाचें होईल. आमच्याकडे तिनें पाठविलेलीं चार मुलें विशीबाविशींतलीं होतीं. त्यांना अर्धपगारी रजा म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें, कारण त्यांना स्वतःला कोणतीच रजा मिळत नसे. विकणारे निराळे आणि बांधणारे निराळे, अशी त्यांच्याकडे वांटणी होती; 'तें सगळें होतें' असें हंसून सांगणारा गृहस्थ त्या मुलांना कधींच भेटलेला नव्हता. त्यांतला एक रात्रीं दोन वाजतां टेबलावर डोकें ठेवून झोंपला होता, तेव्हां बाईंनीं आपली शाल त्याच्या अंगावर घातली. सकाळीं उठल्यावर तो इतका शरमला, कीं दिवसभर कोणाशीं बोलला नाहीं. पुढल्या महिन्यांत तो नोकरी सोडून गेला, आणि त्याच्या जागीं आलेल्याला आम्हीं पुन्हां पहिल्या पानापासून सर्व सांगितलें.

२०१३ च्या पावसाळ्यांत बाईंनीं स्वेच्छानिवृत्ति घेतली. अजून दोन वर्षें होतीं. निरोपसमारंभांत साहेबांनीं त्यांच्या सेवेची प्रशंसा केली, आणि 'आतां प्रणाली स्थिर झाल्यामुळें त्यांना निश्चिंत मनानें जातां येत आहे' असें ते बोलले. बाई मान खालीं घालून हातांतल्या नारळाकडे पाहात होत्या. त्यांच्या जागीं कोणाला नेमलें नाहीं. बचतीच्या हिशेबांत ती जागा आधींच धरलेली होती.

चार महिन्यांनीं महागाईभत्त्याचा आदेश आला, आणि एका जुन्या अपवादाचा उलगडा कोणाला होईना. मला बाईंच्या घरीं पिटाळण्यांत आलें. त्यांनीं पोहे केले, आईची चौकशी केली म्हणून त्यांना बरें वाटलें. उलगडा त्यांनीं वही न पाहतांच सांगितला. मी उठूं लागलों तशा त्या म्हणाल्या, "एक विचारूं? तुम्हीं त्या मार्चच्या अहवालांत काय लिहिलें होतें?"

मीं सांगितलें.

त्यांनीं कांहीं वेळ उत्तर दिलें नाहीं. मग आंत जाऊन तिसरी वही आणून माझ्या हातीं दिली. "ही आतां तुमच्याकडेच असूं द्या," एवढेंच त्या म्हणाल्या.

घरीं येऊन मीं ती उघडली. शेवटच्या पानावर चौदा नांवें होतीं. ज्यांच्या रकमा आमच्या ठिगळांतूनहि निसटल्या, आणि कधीं भागवल्या गेल्या नाहींत, अशांचीं. नांवापुढें महिना, कारण आणि रुपये. नऊ नांवांपुढें बाईंनीं लाल पेन्सिलीनें बरोबरची खूण केली होती. पांच उघडीं होतीं. त्या पांचांत कडेवर मूल घेऊन आलेल्या त्या बाईचें नांव होतें, दोन महिन्यांच्या पोटगीसह.

निवृत्त झाल्यावर कांहीं वर्षांनीं मी ती वही घेऊन कचेरींत गेलों. खिडकी तीच होती. एका तरुण मुलानें आदरानें खुर्ची दिली, माझें म्हणणें ऐकून घेतलें, आणि पडद्यावर शोधलें. ती जुनी प्रणालीहि २०१९ सालीं गेली, असें त्यानें सांगितलें. आतां दुसऱ्या कंपनीची आहे, आणि २०१२ चे महिने तींत आणलेले नाहींत. त्याला खरोखर वाईट वाटलेलें दिसलें. त्याच्या टेबलावर दोन याद्या शेजारीं शेजारीं होत्या आणि हातांत पेन्सिल होती. त्यानें माझी तक्रार नोंदवून घेतली आणि तिचा क्रमांक एका चिठोऱ्यावर लिहून दिला. तो चिठोरा मीं वहीच्या त्या पानाला टांचणी मारून ठेवला आहे.